बाहेर गेलाय, येईल की

कोल्हापूरला रेल्वे संपते. 1891 साली मिरजेहून गाडी इथवर आली आणि जी थांबली ती थांबलीच. वैभववाडीवरनं कोकणात उतरायचा मार्ग दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास पेपरातनं सुटतो आणि पेपरातच पोचतो. त्यामुळं कोल्हापूर सोडणाऱ्याला दिशा निवडायची कटकट नाही. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज. तिथनं पुढं पुणं, मुंबई, नाहीतर जग. परत येणाऱ्याचीही सोय आहे. डब्यात कितीही गाढ झोप लागली तरी गाव मागं पडायची भीती नाही, कारण गाडीलाच पुढं जायला जागा नाही.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आमच्या पेठेतली निम्मी पोरं नेली. कुणी हिंजवडीला गेला, कुणी दुबईला, एक जर्मनीत, एक न्यू जर्सीत. उरलेली निम्मी त्यांना सोडायला फलाटावर गेली होती. ती तिथनं परत येऊन कट्ट्यावर बसली आणि अजून बसलेलीच आहेत. मी या दुसऱ्या निम्म्यातला. दूर गेलेल्यांच्या मैत्रीवर आजवर जे काही लिहिलं गेलंय ते बहुतेक गाडीत बसलेल्यांनी लिहिलंय. खिडकीतनं गाव मागं सरकताना बघून माणसाला लिहावंसं वाटत असणार. फलाटावरच्याला तसलं काही सुचत नाही. स्टेशनाबाहेर लावलेली स्कूटर जाग्यावर आहे का, एवढीच त्याला काळजी. म्हणून म्हटलं, एकदा फलाटाचीही बाजू कागदावर यावी.

पहिली गोष्ट म्हणजे, माणूस गेला हे कोल्हापूर मान्यच करत नाही. कट्ट्यावर कुणी विचारलं, "तो कुठं दिसंना?" की उत्तर ठरलेलं. "बाहेर गेलाय, येईल की." कोपऱ्यावर पान खायला गेलेल्याला हेच, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीला जाऊन तिथं घर, गाडी, ग्रीन कार्ड, दोन पोरं आणि गुडघेदुखी असा भरला संसार करून बसलेल्यालाही हेच. त्याची बसायची जागा ठरलेली आहे, दिव्याच्या खांबाला टेकून. तिथं नवखा कुणी टेकला तर त्याला सांगितलं जातं, "जरा सरक, तिथं तो बसतोय."

नावाचंही तेच. हा न्यू जर्सीवाला त्याच्या कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट आहे. हाताखाली माणसं किती ते तो सांगत नाही, म्हणजे बरीच असणार. पण पाचवीत भूगोलाच्या तासाला तो घोरला होता, आणि त्या दिवसापासनं इथं तो घोरक्या आहे. एकदा त्याच्या मोठ्या मीटिंगमध्ये फोन चुकून स्पीकरवर लागला आणि सातासमुद्रापारच्या त्या काचेच्या खोलीत कट्ट्याचा आवाज घुमला, "घोरक्या, मर्दा, जिवंत हाईस काय?" तिथल्या गोऱ्या साहेबानं नंतर चौकशी केली की फोनवर कोण होतं. हा म्हणाला, "माझे कायदेविषयक सल्लागार." ते अगदीच खोटं नाही. इथल्या त्याच्या घराच्या भाडेकरूशी भांडायचं काम आमच्याकडंच आहे.

वेळेचा फरक ही कल्पना कट्ट्याला मंजूर नाही. कोल्हापुरात रात्रीचं जेवण झालं, बडीशेप तोंडात पडली, की फोन लावायची वेळ होते. तिकडं सकाळ असो, भर ऑफिसची दुपार असो. कधी अवेळी, तिकडच्या पहाटे फोन लागलाच आणि पलीकडून झोपाळू आवाजात "अरे, इथं आत्ता तीन वाजलेत" असं आलं, तर इकडून उलट तंबी मिळते, "मग झोप की लेका, उचललास कशाला?"

लांबनं दोस्ती टिकवायची ही रीत आजकालची नाही, राजघराण्यातनं चालत आलीय. शाहू महाराज लहानपणी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकायला होते. तिथं त्यांना भावनगरचे भावसिंहजी भेटले. पुढं धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली दोघं पुन्हा एकत्र शिकले. शिक्षण संपलं, एक पंचगंगेच्या काठी आला, एक खंबातच्या आखाताकडं गेला. 1894 साली महाराजांनी कारभार हाती घेतला, दोन वर्षांनी भावसिंहजी गादीवर बसले. मध्ये शेकडो मैल, डोक्यावर इंग्रज रेसिडेंट, अंगावर अख्ख्या संस्थानाचा व्याप. तरी दोस्ती 1919 साली भावसिंहजी जाईपर्यंत टिकली. आणि खऱ्या दोस्तीचं लक्षण म्हणजे एकाचं खूळ दुसऱ्याला लागतंच. कोल्हापूर आणि भावनगर, दोन्हीकडं पाळीव चित्त्यांकडून काळविटाची शिकार करायचा शौक. देशातले चित्ते संपत आले तेव्हा दोन्ही संस्थानांनी आफ्रिकेतनं मागवले, पण शौक सोडला नाही. आमच्या पिढीत एकाचं बघून दुसऱ्यानं फार तर कबुतरं पाळली. ऐपतीचा प्रश्न आहे.

काठेवाडाशी आमचा संबंध हल्लीही आला, जरा वेगळ्या कारणानं. जुलै 2025 मध्ये नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात गेली. निकाल बरोबर की चूक हा वकिलांचा आणि जनावरांच्या डॉक्टरांचा विषय, त्यात मी पडत नाही. मी सांगतोय ते कोल्हापूरकराच्या स्वभावाबद्दल. हत्तीण गेल्यावर लोक नुसते हळहळले नाहीत. नांदणीहून कोल्हापुरातल्या कलेक्टर कचेरीपर्यंत चालत आले, आणि हजारोंनी वनताराच्या मालकांच्याच कंपनीची मोबाईलची सिमकार्डं बदलून टाकली. जिल्ह्याचं म्हणणं एकच होतं, गेलीय ती परत आणा. त्या दिवसांत आमच्या दुबईवाल्यानं ग्रुपवर लिहिलं, "मी गेलो तेव्हा कुणी सिम बदललं नव्हतं." त्याला ताबडतोब उत्तर गेलं, "तू गेलास तेव्हा मोबाईल नव्हते. आणि तू मठात नव्हतास, आमच्या उधारीत होतास."

बाहेर गेलेल्या संस्थांनाही आम्ही याच हिशोबात धरतो. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरात निघाली आणि 1933 साली पुण्याला गेली. आज त्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे, जगभरचे लोक तिथं शिकायला येतात. कोल्हापूरच्या लेखी मात्र ती गावाबाहेर ठेवलेली आपलीच मालमत्ता. प्रभातचे दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांकडं एकत्र घडलेले जोडीदार. दूर जाण्याच्या प्रश्नावर त्यांनी सगळ्यात सोपा तोडगा काढला, दोघं मिळूनच गेले. पुण्यात जाऊन दोघांनी मिळून 'संत तुकाराम' काढला. दोस्तांनी असं एकाच गाडीनं जायचं ठरवलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मग आमच्या पेठेत म्हातारी माणसं आणि मांजरं एवढीच उरली असती.

आता मुद्द्याची गोष्ट. इतक्या लांबनं, इतकी वर्षं ही मैत्री टिकते कशावर? आठवणींवर टिकते असं गाडीतले म्हणतात. साफ चूक. आठवणी दोन बैठकीत संपतात. मैत्री टिकते न मिटलेल्या भांडणांवर.

आमचा जर्मनीवाला म्युनिकात राहतो. बायर्न म्युनिकचं मैदान त्याच्या घरापासनं थोड्या अंतरावर आहे. जगातले पट्टीचे खेळाडू त्याच्या उशाशी खेळतात. पण फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की त्याचा मेसेज येतो, "पाटाकडीलचं काय झालं?" हा पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा. त्याचा इथला जिवलग खंडोबा तालमीचा. कॉलेजात असताना शाहू स्टेडियमवर एक गोल झाला होता. तो ऑफसाइड होता की नव्हता यावर दोघांचं त्या दिवसापासनं पटलेलं नाही. त्या काळात मोबाईलवर चित्रण नव्हतं, त्यामुळं पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून मैत्री आहे. जर्मनीवाल्याच्या लग्नात अक्षता टाकताना खंडोबावाला त्याच्या कानात काय पुटपुटला ते मी शेजारी उभा राहून ऐकलंय. "ऑफसाइडच होता." पोरगी झाली तेव्हा अभिनंदनाच्या मेसेजखाली तेच. मागच्या वर्षी जर्मनीवाल्याचं हृदयाचं छोटं ऑपरेशन झालं. भुलीतनं बाहेर आल्यावर त्यानं पहिल्यांदा बायकोकडनं फोन मागून घेतला आणि कोल्हापूरला लावला. इकडनं खंडोबावाला घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाला, "बरा हो. ऑफसाइडचं नंतर बघू." तेवढं ऐकून तो झोपला म्हणे. हे भांडण मिटलं असतं तर त्या दोघांना आज एकमेकांशी काय बोलावं हा प्रश्न पडला असता.

पावसाळ्यात विषय बदलतो. जुलै लागला की जगभरातल्या कोल्हापूरकरांना एकच आकडा हवा असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे त्यांना स्वतःच्या ब्लडप्रेशरपेक्षा पक्कं पाठ. "राधानगरीचे किती दरवाजे उघडले?" दुबईच्या वाळवंटात, पंचेचाळीस अंशात बसून हा माणूस विचारतो. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे, एका दारातनं 1428 क्युसेक. दोन उघडले म्हटलं की तिकडं कॅल्क्युलेटर निघतो, आणि सुतारवाड्यात पाणी कधी शिरणार याचा अंदाज दुबईहून कोल्हापूरला येतो. तो बऱ्याचदा बरोबरही असतो, ते जास्त झोंबतं.

2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि पुण्याचे मित्रही दुबईवाल्याइतकेच लांबचे झाले. दुबईवाल्याची आई शुक्रवार पेठेत एकटी. तळमजल्यात पाणी, म्हातारी माडीवर. आमच्यातले दोघं होडीतनं गेले. म्हातारी म्हणाली, लोणच्याची बरणी घेतल्याशिवाय मी हलत नाही. बरणी चिनी मातीची, जुनी, पाच-सहा किलोची. एकानं बरणी धरली, एकानं म्हातारी, आणि व्हिडिओ कॉलवर दुबईहून पोरगा ओरडतोय, "आई, पाय सांभाळ! अरे, तिला डाव्या बाजूनं धरा!" होडीतल्यानं फोन खिशात घातला. खिशातनंही आवाज येत राहिला. म्हातारी सुखरूप, बरणी सुखरूप, फोन पाण्यात. पूर ओसरेपर्यंत म्हातारी त्यातल्या एकाच्या घरी राहिली आणि त्याच्या बायकोला तिनं सांगितलं की तुझी आमटी पातळ होते. त्याची जखम आजही ओली आहे. त्या वहिनी दुबईवाल्याला अजून फोनवर ऐकवतात, "आईंना म्हणावं, घट्ट केलीय आता."

मग डिसेंबरात ही मंडळी येतात. येताना ड्यूटी फ्रीमधली चॉकलेटं आणतात. कट्ट्यावरच्या बहुतेकांना साखरेचा त्रास आहे हे ग्रुपवर रिपोर्टांसकट टाकलेलं असतं, तरी आणतात. जाताना वर्षाची चटणी नेतात. डंकावरनं कांडून आणलेली ती लाल चटणी तीन पिशव्यांत बांधायची, वर चिकटपट्टी मारायची आणि सुटकेसमध्ये जीन पँटच्या पायात सारायची, हा सगळा उद्योग फलाटावरच्यांच्या बायका करतात. शिवाय गूळ, शिवाय चपला. 2025 च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी घातलेले पोरगे चालवले आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा गावातल्यांपेक्षा हे बाहेरचेच जास्त पेटले होते. 2019 मध्येच आपल्या चपलांना जीआय मानांकन मिळालंय म्हणून जर्मनीवाला रात्रभर इंग्रजीत भांडत होता. कट्ट्यावर एकानं शांतपणे विचारलं, "तुझ्या पायात काय हाय?" फोटो मागवला. पायात जर्मन सँडल. मामला तिथंच मिटला.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ, ही सक्ती. तो प्रसंग बघण्यासारखा असतो. लाकडी बाकडं, स्टीलच्या थाळ्या, मटकीवर फरसाण, वर लालभडक कट, बाजूला ब्रेडच्या जाड स्लाइस. पाहुणा आधी खिशातनं गोळी काढतो. मग बाटलीबंद पाणी मागतो. मग पोऱ्या कटाची किटली घेऊन येतो तेव्हा बाहेरगावची सवय जिभेवर येते आणि तो म्हणतो, "जरा कमी तिखट मिळेल का?" सगळं टेबल खाली बघतं. शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूससुद्धा वळून बघतो. पोऱ्या पाहुण्याकडं न बघता आमच्याकडं बघून विचारतो, "पुण्याचं हायत काय?" न्यू जर्सीच्या व्हाइस प्रेसिडेंटला एवढं कुणी बोललं नसेल. तो थाळी ओढतो, घाम पुसत, नाक ओढत दोनदा कट मागून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणात पडून राहतो. त्याची आई आम्हाला बोलते. आम्ही ऐकून घेतो.

बिल हा दुसरा प्रसंग. पाहुण्याचं पाकीट बाहेर आलेलं असतं, त्यात परदेशी नोटा दिसाव्यात अशा बेतानं. पण गल्ल्यावर आधीच सांगून ठेवलेलं असतं. मालक त्याचे पैसे हातात घेत नाही. "साहेब, तुमचा पैसा इथं चालत न्हाई." हा चिडतो. तिकडच्या पगारात असली मिसळ अख्ख्या हॉटेलाला चारता येईल, हे त्याला आम्हाला सांगायचं असतं, सांगता येत नाही. रंकाळ्यावर भेळ, तेच. रात्री तांबडा-पांढरा, तेच. गंगावेशीत म्हैस समोर पिळून दिलेलं फेसाळ दूध, तेच. आणि वर "लॅक्टोज" हा शब्द त्यानं उच्चारला तर आणखी एक ग्लास. कट्ट्याचं अर्थशास्त्र साधं आहे. पैसे देणारा तो पाहुणा, आणि याला पाहुणा व्हायचा परवाना अजून मिळालेला नाही.

एका गोष्टीवर मात्र कुणी फार बोलत नाही. आमच्यातल्या एकाच्या घरात खिळ्यांना किल्ल्या टांगल्यात, वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्यांच्या घरांच्या. त्याला आम्ही चावीवाला म्हणतो. पाणीपट्टी, वीजबिल, घरफाळा, पावसाळ्याआधी कौलं, कुणाच्या आईचा मोतीबिंदू, कुणाच्या वडिलांचा हयातीचा दाखला. एकाचे वडील गेले तेव्हा मुलगा विमानात होता आणि पंचगंगेच्या स्मशानात शेणी रचायला कट्ट्यावरचीच चौघं होती. मुलगा आला, गळ्यात पडून रडला, "तुमचे उपकार..." असं काहीतरी म्हणायला लागला. चावीवाल्यानं त्याला मधेच तोडलं. "नळाची चकती गेलीय तुझ्या. बदलू काय?"

बाहेर असलेल्यांना अहवाल लागतो, आभार मानायची संधी लागते, जमलं तर पैसे पाठवायचे असतात. इथं तिन्हीला बंदी. त्यांनी फक्त यायचं, खांबाला टेकून बसायचं आणि ऑफसाइडवर भांडायचं. यातलं शेवटचं काम फोनवरही होतं म्हणून बरं.

तेव्हा डिसेंबरात येणाऱ्यांनी तिकिटं निघाली की तारीख ग्रुपवर टाकावी. अचानक दारात उभं राहून आश्चर्याचा धक्का देऊ नये, आता वय तसलं राहिलेलं नाही. चॉकलेटं आणू नयेत. कमी तिखट म्हणायचं असेल तर घरी आईजवळ म्हणावं. आणि घरफाळ्याच्या पावतीचा फोटो टाकलाय, तो उघडून बघावा. वरचे तीनशे रुपये चावीवाल्यानं पदरचे घातलेत. ते गुगल पे करायचा विचार असेल तर आत्ताच सांगतो, करू नका. मागच्या वेळी एकानं केले होते, तर त्याच्या नळाला अजून चकती बसलेली नाही.